सात लाख वीस हजार सातशे वीस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पेन्सिल कारखान्याचे मालक, त्यांच्या शेजारी बसलेल्या मालकीणबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, युनियनचे दोन्ही पुढारी (आज दोघे एकाच सोफ्यावर बसलेत, त्याबद्दल त्यांचं वेगळं अभिनंदन), ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सुतारकाका, या हॉलमध्ये पहिल्यांदाच आलेल्या सुतारकाकू, आणि समोर बसलेल्या लेथ, रंग, पॅकिंग आणि गोदाम खात्यांतल्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. ऑफिसातल्या ताईंनी एक कागदही लिहून दिला होता. त्यात सुतारकाका दीपस्तंभ आहेत असं होतं. काकांची खोली गोदामाच्या मागे, तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो. त्यांना कसला दीपस्तंभ म्हणायचं? तो कागद मी घडी करून ठेवला आणि माझा मी लिहून आणला. माझं पाच मिनिटांत आवरणार नाही. चहा गार झाला तर पुन्हा गरम होतो.

माझ्या आधी चौघे बोलून गेले. काका कधी उशिरा आले नाहीत, रंधा कुणाला हात लावू देत नसत, बोलायला कमी. सगळं खरं आहे. पण चौघांपैकी एकानेही आकडा काढला नाही, आणि मी खाली बसून चडफडत होते. अहो, माणूस इतकी वर्षं लाकूड तासून गेला एवढंच सांगायचं होतं तर त्याला शाल कशाला?

सात लाख वीस हजार सातशे वीस. लेथच्या काउंटरवर हा आकडा आला की लाल पेन्सिलींचा घाणा थांबतो. नवीन मुलींना वाटतं, मशीन तसंच आलंय. तसं नाही आलेलं. हा आकडा या माणसाने, या कारखान्यासाठी, हाताने घडवलाय. ट्रे घडवतात तसा.

पाहुण्यांसाठी सांगते. आपली लाल पेन्सिल एका घाण्यात एकाच छटेची निघते. पुढच्या घाण्याचा लाल केसभर तरी वेगळा पडतोच, रंग खात्याने डोकं आपटलं तरी. म्हणून एका डबीत दोन घाण्यांच्या पेन्सिली चालत नाहीत. आणि डबी केवढी, ते गिऱ्हाईक आयत्या वेळी सांगतं. कुणाला डझन हवं, कुणाला दहा. कुणाला अकरा, कारण बाराव्या खाचेत त्यांना शार्पनर घालायचं असतं. कुणाला तेरा, डझनावर एक फुकट. त्या त्या मापाचे खाचांचे लाकडी ट्रे काका करायचे. खाचा भरल्या की ट्रे डबीत पालथा करायचा. पूर्वी घाणा सरळ सात लाखांचा असायचा. मग डझनात भरल्या की चार उरायच्या, अकरात भरल्या की चार, पंधरात भरल्या की दहा. उरलेल्या चांगल्या पेन्सिली भट्टीत जायच्या.

मालकांच्या वडिलांनी एकदा सगळ्यांना विचारलं, काय करायचं? इंजिनियर म्हणाले, बघू. काका म्हणाले, "कुठलाही ट्रे लावा, काही उरणार नाही असा आकडा देतो." आणि दुसऱ्या दिवशी फळीवर खडूने लिहून आणला.

कसा काढला, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, भागाकार आला की माझं पोट दुखायचं. मला कळलं म्हणजे तुम्हालाही कळेल, जरा इकडे लक्ष द्या. आधी सोळाचा ट्रे घ्या, आपला सगळ्यात मोठा. सोळा बसले की दोन, चार, आठ आपोआप बसले, त्यांच्यासाठी वेगळं काही करायला नको. मग नऊ घ्या, त्यात तीन आले. सोळा गुणिले नऊ एकशे चव्वेचाळीस. यात सहा आणि बाराही येऊन बसले, न बोलावता. त्याला पाचाने गुणा, सातशे वीस. दहा आले, पंधरा आले. आता राहिले तीन आडमुठे, सात, अकरा आणि तेरा. हे कुणाच्या पोटात जात नाहीत. त्यांना स्वतंत्र पाट मांडून बसवावंच लागतं. चौदा सातांच्या मागून येतात. आणि या तिघांचा गुणाकार किती, ठाऊक आहे? एक हजार एक. सातशे वीसला हजार एकने गुणलं की काय होणार? सातशे वीस हजार आणि वर सातशे वीस. म्हणून तो आकडा असा स्वतःलाच दोनदा हाक मारल्यासारखा ऐकू येतो.

एकपासून सोळापर्यंत कुठल्याही आकड्याने भागा, बाकी शून्य. याच्याहून लहान असा दुसरा आकडाच नाही. आणि उत्तरं ऐका हो. आठाने भागलं की नव्वद हजार नव्वद. नवाने, ऐंशी हजार ऐंशी. बाराने, साठ हजार साठ. पंधराने, अठ्ठेचाळीस हजार अठ्ठेचाळीस. सोळाने, पंचेचाळीस हजार पंचेचाळीस. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी भाजी करपवली होती. जेवणाच्या सुट्टीत काका आणि मी फळ्यांवर मांडत बसायचो, या आकड्याला नि:शेष भागणारे आकडे एकूण किती. दोनशे चाळीस निघाले. शेवटचे तीस सापडायला आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात मी कुणावर ओरडले नाही. माझ्या खात्यातल्या बायकांना तो आठवडा अजून आठवतो. सतरा मात्र जात नाही. सतराला पाच उरतात. मी म्हटलं काका, सतराही बसवा की. ते म्हणाले, "मुकादमबाई, सतराच्या डबीचं गिऱ्हाईक आणा, बसवतो."

एवढं कौतुक करून मी खाली बसले असते तर बरं झालं असतं. पण मला खरं सांगायचंय ते पुढे आहे.

नऊ वर्षांपूर्वी, डझनाची ऑर्डर होती. पॅकिंग संपलं आणि शेवटच्या ट्रेमध्ये अकराच पेन्सिली. एक खाच रिकामी. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तेव्हाचे व्यवस्थापक साहेब, आता ते इथे नाहीत, त्यांनी नवा काटा आणला होता आणि त्यांना तो कुठेतरी वापरायचाच होता. त्यांनी सगळा माल काट्यावर घातला. साडेआठ किलो कमी भरला. पेन्सिल साडेचार ग्रॅमची. साहेब म्हणाले, एक कसली, एकोणीसशेच्या आसपास गेल्यात.

वाळवणीच्या खोलीतून पॅकिंगपर्यंत गाडा ढकलत आणायचं काम एकटी बाई करायची. वाटेत मागचं दार लागतं. ती बाई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी. साहेबांनी तिला सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

आता इथे मी काय करायला हवं होतं? सगळ्या खात्यासमोर तिच्या बाजूने उभं राहायला हवं होतं. मी काय केलं? मी पॅकिंगची मुकादम, माझ्या खात्याचं नाव गेलं, माझ्या घरच्या माणसामुळे गेलं, मला ते झोंबलं. मी साठ बायकांसमोर तिला म्हणाले, "माझ्या भावाच्या घरात आलीस तेव्हापासून तुझ्या हाताला काही ना काही चिकटतंय." याला काही आधार नव्हता. घरात कधी एक चमचा हरवला नव्हता. तोंडाला आलं आणि बोलले.

ती एवढंच म्हणाली, "वन्सं, तुम्ही तरी."

आणि गेटजवळच्या बाकावर जाऊन बसली.

तेव्हा हे काका, जे कधी ऑफिसची पायरी चढले नव्हते, साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, दोन दिवस आणि साठ बायका द्या, किती गेल्यात ते सांगतो. साहेब म्हणाले, मोजणार? सात लाख? काका म्हणाले, "मोजणार नाही. मोजताना माणूस चुकतो. फक्त शेवटच्या ट्रेमध्ये किती उरतात ते बघणार. ते डोळ्यांना दिसतं." मालकांनी परवानगी दिली. मालक, तुम्ही त्या दिवशी दिलीत, त्याबद्दल आज जाहीर आभार मानते. तेव्हा मानायचे राहिले होते.

डब्या फोडल्या. बायकांनी काकांना जे काही म्हटलं ते मी इथे म्हणत नाही, काकू बसल्यात. सगळा माल सोळाच्या ट्रेंनी भरायला घेतला. ट्रे भरला की बाजूच्या पेटाऱ्यात पालथा, ट्रे किती झाले ते कुणी मोजायचंच नाही. शेवटी सगळ्यांकडच्या उरलेल्या एकत्र केल्या. शेवटच्या ट्रेमध्ये पंधरा. एक खाच रिकामी.

मी म्हटलं, यातून काय कळलं? काकांनी फळी घेतली. म्हणाले, डझनाला एक कमी पडली, तेव्हा गेलेल्या पेन्सिली एक असतील, नाहीतर तेरा, नाहीतर पंचवीस, अशा बाराबाराने वाढत जाणाऱ्या. आता सोळालाही एकच कमी. म्हणजे मधल्या कितीतरी गळाल्या. आता एक, नाहीतर एकोणपन्नास, नाहीतर सत्त्याण्णव, अशा अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या उड्या.

तुम्हाला सांगते, मी हातातलं टाकून फळीपाशी सरकले. न मोजता, नुसत्या रिकाम्या खाचेवरून हा माणूस चाळण लावत होता, आणि एकेक चाळण बारीक होत होती.

मग तेराचा ट्रे. संध्याकाळपर्यंत झाला. शेवटच्या ट्रेमध्ये बारा. पुन्हा एकच रिकामी. काकांनी फळीवर लिहिलं: एक, सहाशे पंचवीस, बाराशे एकोणपन्नास, अठराशे त्र्याहत्तर. आणि त्यांचा खडू थांबला.

साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला. अठराशे त्र्याहत्तर गुणिले साडेचार ग्रॅम. साडेआठ किलोला जरासंच कमी. साहेबांनी फळीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि हसले. म्हणाले, सुतार, तुमचं गणित माझ्याच काट्यावर आलं की.

हे सगळं याच हॉलमध्ये झालं, तेव्हा इथे पॅकिंग होतं. मला वाटलं, झालं. आता हिचं नाव कायमचं गेलं. आणि खरं सांगू? मनात कुठेतरी असंही आलं की बरं झालं, माझं बोलणं खरं ठरलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काका म्हणाले, "उद्या अकराचा ट्रे लावू." आणि निघण्याआधी सगळ्यांसमोर फळीवर लिहून ठेवलं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. अठराशे त्र्याहत्तर गेल्या असतील, तर अकराच्या शेवटच्या ट्रेमध्ये आठ उरतील. एकच गेली असेल, तर दहा. खाली दोन ओळी लिहिल्या. आठ आल्या तर साहेब खरे. दहा आल्या तर बाई खरी.

दुसऱ्या दिवशी साठ बायका एक शब्द न बोलता काम करत होत्या. हे या कारखान्यात एकदाच घडलंय. दुपारी शेवटचा ट्रे आला. आमच्या खात्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी खाचा भरायला बसल्या, त्यांचा हात कापत नाही म्हणून. लेथवाले आले, रंगवाले आले, गोदामातले हमाल टेबलांवर चढले. पाच. सहा. सात. मावशींनी आठवी ठेवली आणि उरलेल्या पेन्सिलींच्या पेटाऱ्यात हात घातला. मला आत दिसत नव्हतं. साहेब माझ्या पुढे उभे होते, ते टाचा उंच करून बघत होते. मावशींनी हात बाहेर काढला तेव्हा त्यात दोन पेन्सिली होत्या. नऊ. दहा. मग त्यांनी पेटारा उचलून उलटा केला आणि दाखवला.

त्यानंतर जो गलका झाला तो तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी ऐकलाय. हमालांनी काकांना उचलायचा प्रयत्न केला, काकांनी त्यांना पटाशी दाखवली. साहेबांनी शेवटचं एक विचारलं, की यातूनही सुटणारा आणखी आकडा असेलच ना? काका म्हणाले, आहे, सहा हजार आठशे पासष्ट. तेवढ्या गेल्या असत्या तर तुमच्या काट्याने तीस किलो दाखवले असते, साडेआठ नाही. साहेब काटा तपासायला गेले. काट्याची भानगड दोन दिवसांनी कळली. नमुन्याला त्यांनी ताजी, रंग पुरता न वाळलेली पेन्सिल घेतली होती. वाळली की प्रत्येक पेन्सिल अगदी थोडी हलकी होते. थोडं गुणिले सात लाख म्हणजे साडेआठ किलो.

वहिनी त्याच दुपारी कामावर परत आली. सगळ्यांनी ठरवलं की एक पेन्सिल कुठेतरी गटारात पडली असेल. विषय संपला.

संपला नव्हता. आपल्याकडे रिवाज आहे. घाण्याची पहिली पेन्सिल मुकादमाच्या हातात देतात. मुकादमाने रंगवहीत एक रेघ ओढायची, छटा पसंत करायची आणि ती पेन्सिल पहिल्या ट्रेमध्ये ठेवायची. त्या संध्याकाळी मी घरी गेले, गॅसवर चहा ठेवला आणि समोर कॅलेंडर होतं. सिलिंडर लावल्याच्या तारखेवर गोल केलेला. लाल. माझ्या घरात लाल पेन्सिल कुठून आली? ती खिडकीत होती, माझ्या केसांच्या आकड्यांच्या वाटीत. रंगवहीत रेघ ओढताना मी कुणावर तरी ओरडत होते, कुणावर तेही आठवत नाही, आणि ओरडता ओरडता ती अंबाड्यात खोचली. तशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी रंधा थांबवलासुद्धा नाही. म्हणाले, "रंगवहीत रेघ आहे. ती ओढणारी पेन्सिल पहिल्या ट्रेमध्ये ठेवलेली कुणी पाहिली नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं." मी म्हटलं, मग दोन दिवस हा तमाशा कशाला? सरळ माझं नाव घ्यायचं होतं. ते म्हणाले, "नाव घेतलं असतं तर साहेब म्हणाले असते, एक हिच्याकडे, बाकीच्या तिच्याकडे. एकच गेली हे आधी ठरायला हवं होतं." मग थोडं तासून झाल्यावर म्हणाले, "माझं मोजून झालं. आता तुझं तू बघ."

नऊ वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. रोज भेटलो. दोनशे चाळीस आकडे काढले. एकदाही नाही. मी बोलेन म्हणून ते वाट बघत होते की विसरले होते, कोण जाणे. काका, विसरणाऱ्यातले तुम्ही नाही.

मी गप्प बसले. मुकादमकी जाईल म्हणून नाही. एका पेन्सिलीसाठी कुणी काढलं नसतं. साठ बायकांसमोर मी जे बोलले होते, ते साठ बायकांसमोर परत घ्यावं लागलं असतं, म्हणून. एखादीला कोपऱ्यात गाठून सॉरी म्हणणं सोपं असतं, तेही मी केलं नाही. वहिनीने पॅकिंग सोडलं, रंग खात्यात बदली मागून घेतली. तिथला वास तिला सोसत नाही, तरी. भावाकडे गेले की ती ताट वाढते, पाणी देते, पोरांना माझ्या पाया पडायला सांगते. पण नऊ वर्षांत तिने मला एकदाही वन्सं म्हणून हाक मारलेली नाही. मीच तो हक्क घालवला.

काका उद्यापासून येणार नाहीत. आता या गोष्टीतलं खरं ठाऊक असलेली मी एकटीच उरले असते, आणि मला माझा स्वभाव माहीत आहे. मी आणखी नऊ वर्षं काढली असती. म्हणून आजच.

तर ती पेन्सिल मी घेतली होती. वहिनीने नाही. तिच्या हाताला कधी काही चिकटलं नाही. त्या दिवशी ज्या साठजणी होत्या त्यांतल्या चाळीस इथे बसल्या आहेत. ज्या नाहीत, त्यांना तुम्ही सांगा. तुम्ही सांगालच, मला खात्री आहे.

काका, तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. तुम्ही सोळा ट्रेंना एका आकड्यात सुखाने बसवलंत. तुमच्या जाण्याने आपलं काय नुकसान होणार आहे, हे सतराच्या डबीची ऑर्डर येईल तेव्हा ऑफिसला कळेल. काकू, हा माणूस आता दिवसभर घरात असेल. त्यांना फळी आणि खडू द्या, भाजी मात्र तुम्हीच बघा. मालकांचे, पाहुण्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, आणि पाच मिनिटांची पंचवीस झाली तरी चिठ्ठी न पाठवणाऱ्या ऑफिसातल्या ताईंचे मनापासून आभार.

आता शेवट करते. बोलताना कुणाला टोचलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला. तुम्ही घालाल, तुम्हाला चहाला जायचंय.

वहिनी, तुला मी तसं म्हणत नाही. तू पोटात घालायला हवंस असं काही नाही. नऊ वर्षं तेच करत आलीस. मी चुकले, आणि चुकले हे कळल्यावरही गप्प बसले, त्या दोन्हींची माफी मागते. लगेच दे असं नाही. तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी दिसतेय. मी आता खाली उतरते आणि तिथे येऊन बसते. तुला उठून जावंसं वाटलं तर जा, मी मागे येणार नाही.